क्रोझ नदीचं चित्र विकायला आहे. घ्यावं का?

ओली_वाट

मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. (वाचनमात्र सहा वर्षं.)

आम्ही फ्रान्सच्या मध्यभागी क्लेरमाँ-फेराँला असतो. गेल्या रविवारी इथून दोनेक तासांवर, क्रोझ नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात जुन्या सामानाचा बाजार होता. गेले होते तांब्याची कढई बघायला. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने खुर्चीला टेकवून ठेवलेलं तैलचित्र दिसलं आणि कढई राहिली बाजूला.

चित्र ६५ × ५० सेंमी. मधोमध नदी, रुंद आणि अगदी संथ. दोन्हीकडे जांभळे कडे, त्यांवर गुलाबी झुडपं (इथे ब्रुयेर म्हणतात, डोंगरउतारावर नुसती माजलेली असतात). डाव्या हाताला टेकडीच्या सोंडेवर पडका किल्ला. सगळ्याचं पाण्यात प्रतिबिंब, आणि काठाकाठाने एक फिकट पिवळसर पट्टा. रंग जाड, ब्रशचे फटकारे सुटे सुटे. उजव्या कोपऱ्यात लाल सही आहे, पण पहिलं अक्षर सोडलं तर पुढे नुसती गांडुळाची वळवळ.

व्यापारी म्हणाला: पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, 'एकोल द क्रोझाँ' (म्हणजे क्रोझाँ शाळा), १९०५ च्या सुमाराचं, गियोमँ नावाच्या चित्रकाराच्या मित्रमंडळींपैकी कुणाचं तरी. किंमत २८०० युरो. पुढच्या रविवारपर्यंत राखून ठेवतो म्हणालाय. फोटो खाली चिकटवलेत.

एवढे पैसे द्यावेत का? खरंखोटं कसं ओळखतात? नवरा म्हणतो, आवडलंय तर घे, पण आधी चार शहाण्यांना विचार. म्हणून इथे आले.

तिरकस तात्या

चार शहाणे हवेत आणि इथे आलात?

वऱ्हाडी ठेचा

२८०० युरो म्हंजे पावणेतीन-तीन लाख झाले ना भौ! आमच्या वावरात एवढ्यात बोअर होते, आन् खरंखुरं पाणी लागते. लागलं तर.

कोरा कॅनव्हास

ओली_वाट, छान धागा. मी मुंबईच्या जेजे कलाशाळेचा, आता शिकवतो. थोडं लांबेल.

क्रोझ आणि तिला मिळणारी सेदेल, ह्या दोन नद्यांच्या संगमावरच्या सोंडेवर क्रोझाँ गावचा पडका किल्ला आहे. फोटोत तोच दिसतोय. हे खोरं आधी जॉर्ज सांद ह्या लेखिकेने गाजवलं आणि मग चित्रकारांची रीघ लागली. मोने १८८९ मध्ये जवळच्या फ्रेसलीनला, रोलिना नावाच्या कवीकडे येऊन राहिला होता. पण क्रोझाँचा खरा रहिवासी म्हणावा तो आर्मां गियोमँ (१८४१–१९२७). मोने, पिसारो, सेझान ह्यांचा दोस्त. पूल-रस्ते खात्यात पोटासाठी नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायचा. १८९१ साली त्याला सरकारी सोडत लागली, एक लाख फ्रँक! नोकरीला रामराम ठोकला आणि पुढची तीसेक वर्षं हे खोरं रंगवलं. जांभळा, नारिंगी, झणझणीत गुलाबी. मोनेबरोबरच्या पहिल्या पिढीतला असूनही त्याचा हा काळ उत्तर-दृक्प्रत्ययवादाला (म्हणजेच पोस्ट-इम्प्रेशनिझमला) जाऊन भिडतो.

त्याच्या आगेमागे इथे रंगवणाऱ्यांना 'क्रोझाँ शाळा' म्हणतात. ही शाळा म्हणजे इमारत नव्हे, हॉटेलात उतरणाऱ्या चित्रकारांचा गोतावळा. मादलीन, आल्युओ, देत्र्वा, आल्फ्रेड स्मिथ वगैरे.

६५ × ५० हे माप फ्रान्समधलं ठरलेलं माप आहे, '१५ नंबर, निसर्गचित्र'. ६५ × ५४ असतं तर '१५ नंबर, व्यक्तिचित्र'. दुकानात तयार चौकटी ह्याच मापांत मिळायच्या, त्यामुळे इथवर ठीक. पण चित्र पुढून बघून काही कळत नाही. पाठ बघा. कॅनव्हास बारीक चुकांनी (छोट्या खिळ्यांनी) ठोकलाय की स्टेपलच्या पिनांनी? चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी आहेत का? रंग-सामानाच्या दुकानाचा शिक्का आहे का?

आणि खरा गियोमँ असता तर किमतीपुढे आणखी एक शून्य लागलं असतं, हे व्यापाऱ्यालाही कळतं.

तिरकस तात्या

सोडत लागल्यावर नोकरी सोडून ३० वर्षं एकच नदी काढली? आमच्याकडे सोडत लागली की आधी स्कॉर्पिओ येते.

हिशेबनीस

गुंतवणूक म्हणून घेत असाल तर नको. साधा हिशेब मांडतो. उद्या विकायचं म्हटलं तर लिलावघर विक्रेत्याकडून कमिशन घेतं आणि खरेदीदाराकडूनही घेतं, खरेदीदाराचं तर २५ टक्क्यांच्या आसपास सहज जातं. त्यामुळे खरेदीदार हात आखडूनच बोली लावतो. नाव न लागलेलं चित्र वर्षानुवर्षं त्याच भावात पडून राहतं. आवड म्हणून घ्यायचं तर बोलायलाच नको, आवडीला ताळेबंद नसतो.

आणखी एक. पुढे कायमचे भारतात येणार असाल तर लक्षात ठेवा, १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तूत मोडतं आणि ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे. एकदा आणलं की आणलं. आणण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारून घ्या.

गृहलक्ष्मी

नदीचं चित्र उत्तरेच्या भिंतीवर लावावं. प्रवाह घराच्या आत येताना दिसायला हवा. दाराकडे वाहत असेल तर पैसा टिकत नाही, माझ्या मावससासूचा अनुभव आहे.

वऱ्हाडी ठेचा

पैसा तर दुकानातच वाहून जाऊन राह्यला, ताई.

टेम्सकाठची सुमी

ओली, मी लंडनला एका लिलावघरात नऊ वर्षं कारकुनी केली. तिथे शिकले ते एवढंच, की चित्र नंतर बघायचं, आधी शब्द वाचायचे.

तुझ्या फ्रान्समध्ये तर हे फार बरं आहे. १९८१ चा एक सरकारी हुकूम आहे, त्यात प्रत्येक शब्दाचं वजन ठरवून दिलंय. पावतीवर पुढे काही न जोडता नुसतं चित्रकाराचं नाव लिहिलं तर ते त्याचंच आहे ही हमी झाली. 'आत्रिब्युए आ' लिहिलं तर चित्र त्या काळातलं आहे आणि त्याचंच असावं असं मानायला भक्कम कारणं आहेत. 'दां ल गू द', 'मानिएर द', 'जांर द' म्हणजे त्याच्या धर्तीचं, काहीही हमी नाही, काल संध्याकाळी काढलेलं असलं तरी तक्रार करायची नाही. आणि 'एकोल द' पुढे गावाचं नाव आलं, तर ती चळवळ चालू असताना, तिच्यात भाग घेतलेल्या चित्रकाराने काढलंय ही हमी होते. काळही लिहावा लागतो.

तू मागितलीस तर धंदेवाईक विक्रेत्याला पावती द्यावीच लागते, वस्तूचं स्वरूप आणि काळ लिहून. तर त्याला गोड आवाजात म्हण, 'एकोल द क्रोझाँ, १९०५' एवढं पावतीवर लिहून द्या ना. लिहिलंन तर माणूस खात्रीचा. खोकायला लागला तर समजून घे.

रात्रपाळी

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. सुमीताई, हा प्रतिसाद सोन्यात मढवा.

चिमणराव_नाही

एक बाळबोध शंका. 'उत्तर-दृक्प्रत्ययवाद' हा शब्द कोणी काढला? तीन वेळा म्हटला की कवळी निघते.

कोरा कॅनव्हास

हा हा. मराठीतला शब्द कुणाचा ते विश्वकोशवाल्यांना विचारा. मूळ नाव रॉजर फ्राय ह्या इंग्रज कलासमीक्षकाचं. १९१० मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत त्याने सेझान, गोगँ, व्हॅन गॉग ह्यांचं प्रदर्शन भरवलं आणि ह्या सगळ्यांना एकत्र काय म्हणावं सुचेना, म्हणून 'इम्प्रेशनिझमनंतरचे' असं नाव दिलं. म्हणजे 'यांचं आडनाव माहीत नाही, पण जोशांच्या नंतर राहायला आले' अशातला प्रकार. तोवर सेझान, गोगँ, व्हॅन गॉग, स्यूरा चौघंही वारले होते. त्यांना आयुष्यभर कळलं नाही की आपण कोण आहोत.

म्हणूनच विक्रीच्या चिठ्ठीवर हा शब्द दिसला की मी खिसा सांभाळतो. १८८६ ते पहिलं महायुद्ध एवढ्या काळातलं, जाड रंगाचं काहीही त्यात कोंबता येतं.

वाईकर

धागा वाचून आमच्या वाईच्या घाटाची आठवण आली. लहानपणी दर हिवाळ्यात मुंबईहून चित्रकलेचे विद्यार्थी यायचे, ढोल्या गणपतीसमोर रांगेने बसायचे. आम्ही मागे उभं राहून 'ओ, कळस वाकडा आला' म्हणून सांगायचो. एकाने वैतागून ब्रश माझ्या हातात दिला होता. त्याच्या कृष्णेत माझ्या हातचं एक निळं डबकं आहे, कुठेतरी भिंतीवर असेलही.

आपल्याकडे नदीकाठ, तळंकाठ जलरंगात जास्त झाला. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांचं रंकाळा आणि कोटितीर्थ ज्यांनी बघितलंय त्यांना फ्रान्सला जायची गरज नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कोरा कॅनव्हास

वाईकर, आबालालांबद्दल +१००. पण गरज नाही म्हणू नका हो, आबालाल बघून गियोमँ बघितला की दोघंही जास्त कळतात. रझा इथून जेजे करून १९५० मध्ये पॅरिसला गेले ते सेझानसाठीच ना?

प्राजक्ता_व्ही

माझा अनुभव सांगते, म्हणजे सावध राहाल. चार वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून 'एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच तैलचित्र' मागवलं. सोनेरी चौकट, पाठीमागे तपकिरी कागद, कागदाला जुना वास. सहा महिने दिवाणखान्यात मिरवलं. मग भाचीने शाळेच्या प्रयोगासाठी भिंग आणलं आणि सहज चित्रावर धरलं. आकाशभर ठिपके! छापील चित्र, वरून पारदर्शक जेलने ब्रशचे फटकारे ओढलेले. आणि वास? कागद चहाच्या पाण्यात भिजवला होता.

ओली_वाट, भिंग घेऊन जाच.

तिरकस तात्या

निदान चहा तरी चांगला होता का?

प्राजक्ता_व्ही

भाचीने चाखून बघितला नाही, तात्या.

ओली_वाट

किती सुंदर प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल परत गेले होते (दोन तास जाणं, दोन तास येणं. नवऱ्याने तोंडातून ब्र काढला नाही, हे फार काळजीचं लक्षण आहे).

भिंगातून ठिपके नाहीत. रंग खराच आहे, कुठे कुठे बोटाला लागेल इतका उंच. पाठीमागे बारीक गंजक्या चुका, कोपऱ्यांत लाकडी पाचरी, दोन हरवलेल्या. शिक्का नाही. कॅनव्हास चहाच्या रंगाचा, पण सगळीकडे सारखा नाही, चौकटीच्या पट्टीखाली फिकट आहे.

सुमीताई, पावतीचं विचारलं. आजोबा खोकले नाहीत, पण म्हणाले 'एकोल द क्रोझाँ लिहितो, साल नको'.

टेम्सकाठची सुमी

हं. साल नको म्हणजे त्यांनाही साल टोचतंय.

कोरा कॅनव्हास

फिकट-गडद कॅनव्हास ही चांगली खूण आहे. उजेड-धूळ लागते तिथेच कापड काळवंडतं. चहात बुडवलेलं सगळीकडे सारखंच दिसतं. म्हणजे चित्र जुनं आहे. प्रश्न आता एवढाच, किती जुनं?

पांढऱ्या रंगाने उत्तर मिळू शकतं. टायटॅनियमचा पांढरा चित्रकारांच्या हाती साधारण १९२० च्या दशकात आला. त्याआधी शिसं नाहीतर जस्त. बेल्ट्राकी नावाचा जर्मन नकलाकार ह्याच पांढऱ्यात अडकला, १९१४ सालचं म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम सापडलं आणि २०११ मध्ये साहेब तुरुंगात गेले. पण ही तपासणी करायला प्रयोगशाळा लागते, तिचं बिल चित्राला भारी पडेल.

सांडवा

मी चित्रकलेतला औरंगजेब. तरी तीन दिवस हा धागा वाचतोय आणि आता राहवत नाही म्हणून लिहितो.

पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली. त्यातली बरीचशी बुडीत क्षेत्रात, मोजणी करत. तुमचा फोटो मोठा करून पाहिला. बाई, ही नदी नाही. हा जलाशय आहे.

कडे बघा किती उभे आहेत. अशा घळईतली नदी तळाशी अरुंद असते, उताराची असते, दगडांवर आपटत जाते. पात्रात धोंडे दिसतात, फेस दिसतो. इथे कड्यापासून कड्यापर्यंत आरशासारखं पाणी. दुसरं, नदीला काठ असतो. वाळू, गोटे, पाण्याशी वाकलेली झाडं. इथे कडा सरळ पाण्यात गेलाय, मधे काठ म्हणून नाहीच. काठ खाली बुडालाय.

आणि तो पिवळसर पट्टा. त्याची वरची कड बघा. खडक असो, उतार असो, झुडूप असो, ती कड सगळीकडून एकाच पातळीत, दोरी लावल्यासारखी जाते. निसर्ग अशी रेघ ओढत नाही. पाणी पूर्ण संचय पातळीला असतं तेव्हा त्या रेघेपर्यंत असतं, खाली गेलं की धुतलेली जमीन उघडी पडते. मे महिन्यात उजनीला जा, मैलच्या मैल हाच पट्टा दिसेल. डाव्या खालच्या कोपऱ्यात पाण्यातून तीन काळे खुंट वर आलेत, तुम्ही वर्णनात लिहिले नाहीत. ती बुडालेली झाडं आहेत.

हे फुगवट्याचं पाणी आहे. खाली कुठेतरी धरण आहे. कुठलं ते तुम्ही शोधा, मला फ्रेंच येत नाही.

रात्रपाळी

बाबौ! शोधलं. एगुझोंचं धरण. क्रोझ नदीवरच, क्रोझाँच्या खालच्या अंगाला. उंची साठेक मीटर. १९२६ मध्ये चालू झालं. पॅरिस-ऑर्लेआँ रेल्वेला विजेवर गाड्या पळवायच्या होत्या म्हणून बांधलं. फुगवटा थेट क्रोझाँच्या किल्ल्याखाली येतो!

तिरकस तात्या

१९०५ सालच्या चित्रात १९२६ सालचं पाणी. व्यापारी नव्हे, भविष्यवेत्ता म्हणायचा.

चिमणराव_नाही

अंगावर काटा आला. सांडवा काका, दंडवत.

कोरा कॅनव्हास

काका, निरीक्षण जबरदस्त. पण वकिली करू द्या. एक, त्या नदीवर पाणचक्क्या होत्या, गियोमँनेच रंगवल्यात. पाणचक्कीला छोटा बांध असतो, त्याच्या मागे पाणी संथ होतंच. दोन, चित्रकार म्हणजे सर्व्हेअर नव्हे. जो माणूस खडक जांभळा करतो तो धोंडे गाळूही शकतो.

टेम्सकाठची सुमी

दुसऱ्या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूने. ह्याच खोऱ्यात मोनेची गोष्ट आहे ना? निष्पर्ण ओक रंगवायला घेतला, पाऊस-पावसात चित्र रखडलं, तोवर वसंतात झाडाला पालवी फुटली. तर ह्या गृहस्थाने मालकाची परवानगी काढून, माणसं लावून, झाडाची पानं तोडून घेतली! पानं मनाने गाळणं सोपं नव्हतं का? ही मंडळी रंगात वाटेल तेवढी सूट घेतील, पण समोर नाही ते काढायला त्यांचा हात धजत नसे.

सांडवा

कोरा कॅनव्हास साहेब, बांधाचा मुद्दा रास्त. पण पाणचक्कीचा बांध पाणी मीटर-दीड मीटर चढवतो. त्याचा काठावर पट्टा पडत नाही, कारण बांधावरून पाणी सतत पडत असतं, पातळी फारशी हलत नाही. पट्टा पडायला पाणी भरावं लागतं आणि उपसावं लागतं. विजेचं धरण तेच करतं. किल्ल्याखालची ती मोठी शिळा माणसाइतकी धरली तर पट्टा तीन-चार मीटरचा आहे. एवढी चढउतार पाणचक्कीची नाही.

तुम्ही खडक जांभळा म्हणता, तो रंगाचा प्रश्न, मला कळत नाही. पण पट्टा काढायचं चित्रकाराला काय कारण? सुंदर तर दिसत नाही. होता म्हणून काढला.

अवांतर होईल, पण लिहितो. १९२१ साली आमच्या मुळशीत सेनापती बापट सत्याग्रहाला बसले, ते मुंबईला वीज पुरवायच्या धरणाविरुद्धच. म्हणजे ज्या वर्षांत मावळातली भातखाचरं पाण्याखाली जात होती त्याच सुमाराला फ्रान्समध्ये ह्या चित्रकारांची नदी जात होती. आमच्या आजोळचं शेत मुळशीत गेलं. आजी पाण्याकडे बोट दाखवून सांगायची, तिथे आंबा होता. त्या तीन खुंटांवर नजर अडकली ती त्यामुळे असेल. मी स्वतः पुढे धरणंच बांधली, हा भाग वेगळा.

वाईकर

काका…

वऱ्हाडी ठेचा

काका, लय भारी. मी आधी बोअरची मस्करी केली ती वापस घेतो.

ओली_वाट

दोन दिवस लिहिता आलं नाही, कारण पुन्हा जाऊन आले. (नवरा ह्या वेळी स्वतःहून आला. 'सांडवा कोण आहेत?' म्हणून चौकशी करत होता.)

आधी क्रोझाँला गेलो, किल्ल्यावर चढलो. खाली बघितलं तर अगदी चित्रातलंच पाणी. पट्टासुद्धा! मग गावातल्या दुकानात जुन्या पोस्टकार्डांचा खोका चाळला. दोन युरोला एक मिळालं, टपालाचा शिक्का १९०७. तोच किल्ला, तीच सोंड. पण खाली अरुंद नदी, पात्रभर धोंडे आणि काठावर एक पाणचक्की. चित्रात ज्या जागी किल्ल्याचं प्रतिबिंब आहे, त्या जागी कार्डावर चक्कीचं छप्पर आहे.

चित्र १९२६ च्या आधीचं नाही. काका, नमस्कार स्वीकारा.

कोरा कॅनव्हास

वकीलपत्र मागे घेतो. आता मजा बघा. १९२६ नंतरचं म्हटल्यावर मादलीन बाद, तो १९२० मध्येच गेला. गियोमँ १९२७ मध्ये ८६ व्या वर्षी गेला, तोही नाहीच म्हणायचा. आल्युओ १९४७ पर्यंत होता. पण सही लागत नाही तोवर कुणाचंही नाव जोडायचं नाही. एखादा हौशी मास्तरही असू शकेल.

एक सांगू? मला आता हे चित्र आधीपेक्षा जास्त आवडायला लागलंय. ह्या खोऱ्यात गियोमँच्या नदीची चित्रं कितीतरी आहेत. नदी बुडाल्यावर तिथेच तिवई रोवून, त्याच जुन्या पद्धतीने, त्या पट्ट्यासकट रंगवणारा कोण हा माणूस?

हिशेबनीस

आवडो. भाव मात्र पाडा. १९०५ चे २८०० सांगितले होते, ते साल गेलं. हजाराच्या वर जाऊ नका.

आणि १९२६ नंतरचं म्हणजे शंभरी भरली नसेल तर पुरावस्तूचा प्रश्नही टळतो. काकांनी कायदेशीर सल्लाही फुकट दिला म्हणायचा.

गृहलक्ष्मी

साठलेलं पाणी असेल तर मग चांगलंच! वाहून जायचा प्रश्न नाही. उत्तरेलाच लावा.

तिरकस तात्या

गृहलक्ष्मी, धरणाचे दरवाजे उघडले तर?

ओली_वाट

घेतलं!!

पोस्टकार्ड आजोबांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, कार्ड बघितलं, चित्र बघितलं, परत कार्ड बघितलं. मग म्हणाले, 'चाळीस वर्षं हा धंदा करतोय, पाण्याकडे कधी बघितलंच नाही.' त्यांच्या वडिलांनी धरणाच्या कामावर दगड वाहिले होते म्हणे. त्यानंतर अर्धा तास चित्र राहिलं बाजूला आणि मी धरणाच्या गोष्टी ऐकल्या.

९५० ला दिलं. पावतीवर लिहून दिलंय: 'क्रोझाँ येथील दृश्य, कॅनव्हासवर तैलरंग, १९२६ नंतर, सही अवाचनीय.' सुमीताई, कुठलीही 'शाळा' नाही, बरोबर ना?

टेम्सकाठची सुमी

शंभर टक्के बरोबर. पावती चित्राच्या पाठीला चिकटवू नकोस हं, फाईलमध्ये ठेव. आणि चौकट घाईने बदलू नकोस.

कोरा कॅनव्हास

चौकटीवरून आठवलं, व्हॅन गॉगच्या डॉक्टरकडे, गाशेकडे, गियोमँचं एक चित्र चौकटीविना पडलेलं बघून व्हॅन गॉग भयंकर भडकला होता म्हणतात. तेव्हा हरवलेल्या दोन पाचरी तरी बसवून घ्या. घरी ठोकू नका, कॅनव्हास ताणला जाऊन रंगाचे पोपडे निघतात. आणि ओल्या फडक्याने पुसणार असाल तर माझ्या अंगावरून जा.

प्राजक्ता_व्ही

आणि भाचीने विचारलंय, कढईचं काय झालं?

ओली_वाट

कढई दुसऱ्या कुणी तरी नेली.

सांडवा

अभिनंदन. भिंतीवर लावलंत की एक फोटो अगदी समोरून, सरळ काढून टाका, तिरपा नको. किल्ल्याच्या बुरुजाची उंची कुठे मिळाली तर तीही कळवा. गुलाबी झुडपं फुललीत आणि पाणी तीन-चार मीटर उतरलंय, म्हणजे उन्हाळ्याचा शेवट धरायला हरकत नाही. त्या वर्षांतल्या धरणाच्या पातळ्यांची नोंदवही कुठे तरी असेलच, सरकारी माणूस सगळं लिहून ठेवतो. मिळाली तर साल काढून देतो.

रात्रपाळी

काका, फ्रेंच मी बघतो. पत्र कुणाला लिहायचं ते सांगा.